खलाशी उतरले

"किल्लेदार, हल्ल्याच्या दिवशी बंदरातल्या गलबतांना शिडं उभारता येत नाहीत," निरंजनने खेळाचा नियम वाचला. "खलाशी वरच ठेवलेत, तरच गलबतं लढतील."

सुहेल पटाकडे बघत राहिला. मालकाने वाऱ्यावर सोडलेल्या जहाजावर, परक्या बंदरात वर्षभर अडकून तो नुकताच घरी परतला होता. त्याचं मन रमावं म्हणून मित्राने कॉलेजातला खेळ मांडला होता.

"खलाशांना उतरव," सुहेल म्हणाला.

"अरे, मग गलबतं जातील. हरशील तू."

"जाऊ देत. थकलीत माणसं."

निरंजनने खलाशांच्या सोंगट्या एकेक करून किनाऱ्यावर आणल्या. मग गलबतं जळाली, सुहेल हरला.

"वर कोणी राहिलं नाही ना रे?" त्याने विचारलं.

"नाही. सगळे उतरले."

तेव्हा कुठे सुहेल सतरंजीवर आडवा झाला.