धाकटीची तपासणी

१९५३ साल. बंगळूरच्या बसवनगुडीतले हृदयाचे डॉक्टर शेषगिरी यांनी रघुपतीला स्पष्ट सांगितलं, "तुझ्या बायकोच्या हृदयाची झडप आक्रसली आहे. बाळंतपण तिला झेपणार नाही, जिवावर बेतेल. मूल होऊ देऊ नकोस." रघुपतीने मान डोलावली. त्याच्या आईने सुनेकडे एकवार पाहून तोंड फिरवलं.

सहा महिन्यांनी त्याची बायको पद्मावती पुन्हा आली. बरोबर तिची सतरा वर्षांची बहीण क्षमा होती.

"डॉक्टर, हिलाही स्वल्प तपासता का? माझ्यासारखं काही निघायला नको."

डॉक्टरांना तिचं कौतुक वाटलं. क्षमाच्या छातीला नळी लावून त्यांनी बराच वेळ ठोके ऐकले आणि हसून म्हणाले, "अगदी ठणठणीत! खुशाल चार मुलांची आई होईल."

"अक्का, मी बाहेर थांबते गं," म्हणत क्षमा लाजून पळाली.

पद्मावतीने पदराने डोळे पुसले.

"आता का रडतेस? चांगलं स्थळ बघून लग्न करून दे तिचं."

"पुढच्या महिन्यातच आहे, डॉक्टर."



"पण ते माझ्या नवऱ्याशी आहे, हे तिला अजून कुणी सांगितलेलं नाही."