अकरा बेडरूम

हॉटेलातल्या प्रॉपर्टी प्रदर्शनातून आणलेलं चकचकीत माहितीपत्रक सुबोधने रविवारी उठल्या उठल्या बायकोपुढे धरलं.

"नीता, फ्रान्समधली दोनशे वर्षांची हवेली. अकरा बेडरूम! एकीत आपण राहायचं, दहा सुट्टीवर येणाऱ्यांना भाड्याने द्यायच्या. सिंगापुरातला हा हौगांगचा फ्लॅट विकून टाकू. उद्याच एजंटला होकार कळवतो."

नीताने त्यातला खोल्यांचा नकाशा नीट पाहिला आणि पेन मागून घेऊन एकेका खोलीवर नाव लिहायला लागली.

"ही तळमजल्यावरची तुझ्या आत्याला. त्यांना जिना चढवत नाही. ही माझ्या ताईला. शेजारची तिच्या सासूबाईंना, त्या एकट्या मागे कशा राहतील? आणि वरचा अख्खा मजला मंडळाला. काल गणपतीच्या मीटिंगमध्ये तूच सगळ्यांना म्हणालास ना, 'फ्रान्सला यायचं हं नक्की'?"

"अगं, पण या लोकांकडे भाडं कसं मागायचं?"

"माग की. मला ऐकायचंय."

सुबोधने नकाशावरची नावं मोजली. अकराही खोल्या भरल्या होत्या.

"मग आपण दोघांनी कुठे झोपायचं?"

"हॉलमध्ये," जमिनीवरची गादी गुंडाळत नीता म्हणाली. "गेले बारा दिवस झोपतोय तसंच."

तेवढ्यात त्यांच्या बेडरूमचं दार उघडलं आणि सिंगापूर बघायला सहकुटुंब आलेला सुबोधचा नाशिकचा मावसभाऊ आळस देत बाहेर आला.

"वहिनी, मे महिन्यात फ्रान्सला स्वेटर लागतो का हो?"