दाराची करकर

गोठ्याचं दार काही केल्या उघडेना. आत तांबू गाय वेणांनी हंबरत होती आणि बाहेर भिमा खांदा लावून लावून घामाघूम झाला होता, तेही पौषातल्या अशा थंडीत, की टोकावड्याची माणसं शेकोटीपासून हलायला तयार नव्हती. शेजारचा लडकू कांबळ्यातून तेवढं नाक बाहेर काढून मदतीला आला. त्यानंही एक धक्का मारून पाहिला आणि लाकूड फुगलं असेल, असं सांगून टाकलं.

भिमाच्या आईला, धोंडीबाईला, ते पटलं नाही. पावसात फुगणारं दार थंडीत कशाला फुगेल? एखादी गोष्ट का झाली हे कळल्याशिवाय त्या बाईला अन्न गोड लागत नसे. मुलगा रडकुंडीला आलेला, गाय अडलेली, आणि ही आपली दारापुढं फिरून ते न्याहाळत होती.

दार जुनं, ऐनाच्या लाकडाचं. बिजागऱ्या नाहीत, खालचा लाकडी खुंट दगडाच्या खळग्यात फिरायचा आणि फिरताना असा करकरायचा, की अर्ध्या वाडीला पहाट झाल्याचं कळे. पण गेले काही दिवस ती करकर धोंडीबाईच्या कानी आली नव्हती. आपले कान जायला लागले, असं तिनं मनाशी धरलं होतं आणि भीतीपोटी कुणाला सांगितलंही नव्हतं. बहिऱ्या म्हातारीला घरात कोण विचारतो?

"कुऱ्हाड आण रे लडकू," भिमा म्हणाला. "दार गेलं तर गेलं, गाय तरी वाचल."

गाय सुनेच्या, राहीच्या माहेरची. घाटावरून तिच्याबरोबर आंदण आलेली, आणि हे तिचं पहिलंच वेत.

धोंडीबाई तोवर खाली वाकली होती. खळग्यात बोट घातलं, तर बोटाला पांढरट, चिकट गोळा लागला. तिनं तो नाकाशी नेला. मोहाच्या बियांचं तेल, मोहटीचं. लढाईमुळे रॉकेल मिळेनासं झालं तेव्हापासून घरातला दिवा त्याच्यावरच होता, आणि बुधला लवकर रिता होतो म्हणून तिनं उंदरांना शिव्याही घातल्या होत्या. थंडीनं ते तेल खळग्यातच थिजलं होतं आणि धुळीभुशात मिसळून लाखेसारखं घट्ट बसलं होतं. म्हणजे कान शाबूत होते. तिला एवढा आनंद झाला, की क्षणभर गाईचाही विसर पडला.

मग दुसरा प्रश्न आला. तेल ओतलं कुणी?

त्याचं उत्तर चुलीकडून चालत आलं. राही आंघोळीच्या पाण्याचं वाफाळतं तपेलं घेऊन आली. नवऱ्याला तिनं कोपरानंच बाजूला सारलं, कुणाला काही न विचारता नेमकी त्या खळग्यापाशी बसली आणि पाणी ओतू लागली. तेल पातळ होऊन वाहायला लागलं. भिमानं पुन्हा खांदा लावला, आणि दार उघडलं. आवाज म्हणून झाला नाही.

राही आत धावली, तिच्यामागे भिमा. धोंडीबाई मात्र उंबऱ्याशीच थबकली. आतून कुणीतरी बोलत होतं.

"थांब गं बाई. भिऊ नगं. रोज येती ना मी तुझ्याकडं? मंग आजच कशी न्हाई यायची?"

राहीच होती ती. लग्न होऊन आली त्या दिवशी ती 'न्हाई गं' म्हणाली आणि सगळी वाडी हसली होती. सगळ्यांत मोठ्यानं धोंडीबाई. इथं 'नाय गो' म्हणतात. तेव्हापासून सून मान हलवायची, फार तर 'हां' म्हणायची. घुमी आहे, असं सासूनंच घरोघर सांगितलं होतं. आणि ती घुमी इथं गाईशी भडाभडा बोलत होती. रोज पहाटे, घर उठायच्या आत. त्यासाठी दार मुकं केलं होतं तर. धोंडीबाईला आपल्या त्या हसण्याची लाज वाटली. तिथून निघून जावं असं वाटलं, पण ऐकतच राहिली.

उन्हं गोठ्यावर आली तेव्हा कालवड झाली. राही माखलेल्या हातांनी बाहेर आली आणि सासूच्या बोटावरचं तेल पाहून जागीच उभी राहिली. तिनं मान खाली घातली.

धोंडीबाईनं बोट लुगड्याला पुसलं.

"मोहटीचं थंडीत थिजतं," ती म्हणाली आणि ओठावर आलेल्या 'गो'पाशी जराशी अडखळली. "खुरासणीचं घाल गं."