आईसाठी आणलेल्या कुंड्या

सुज्ञ वाचकहो, बंधूविषयी वाटणाऱ्या मत्सराची एक लघुकथा आपणांसमोर नम्रपणे सादर करीत आहे.

आमच्या मातोश्री नाशिकरोडला धाकट्या बंधूकडेच राहतात. सातपूरला माझ्या घरी बोलावले की म्हणत, "गच्चीवरच्या वांग्यांना पाणी कोण घालील रे?" ते ऐकून माझे अंतःकरण जळत असे. अखेर तळाशी पाणी साठवून मुळांना आपोआप पुरवणाऱ्या कुंड्या मी बंधूस भेट दिल्या आणि मातोश्रींसाठी घरी नवी गादी आणून ठेवली.

काल मातोश्रींचा फोन आला.



"नवनाथा, तुझ्या कुंड्यांनी लय बरं झालं बघ! आम्ही समदे आठवडाभर कोकणात चाललोय. मधी एकदा येऊन तेवढं पाणी भरून जा."

वाचनाची कृपा केल्याबद्दल आपला ऋणी,
नवनाथ झुंबर पगारे