खांबाच्या बुडाशी

"यावर कुणाचा विश्वास बसायचा नाही, आणि बसलाच तर तो माणूस खुळा समजावा," मामाने सुरुवात केली आणि चष्मा कपाळावर चढवला.

"मामा, आधी कामाचं बोल," भाची म्हणाली. "दुपारी गिऱ्हाईक येतंय. यातला कुठला लावू?"

टेबलावर दोन अँटेना पडले होते. एक उंच दांडक्यासारखा, चौफेर. दुसरा ताटलीसारखा, एकाच दिशेचा. त्यांची रिकामी खोकी बाबांच्या खुर्चीवर रचलेली होती. आई खिडकीशी बसून लेकीच्या कामाच्या शर्टाला बटण लावत होती.

भाची मामाच्याच धंद्यात पडली होती. एका बागेतल्या चहाच्या दुकानाला उघड्यावर इंटरनेट पुरवायचं, हे तिचं पहिलंच स्वतंत्र काम.

मामाने दांडका उचलून तोलून पाहिला. "हा मोठा चौफेर. चादर अंथरल्यासारखा सपाट पसरतो, लांबवर. पण खांबाच्या बुडाशी काही नाही. तिथे फोन घेऊन बसलं की फोन मुका. खांबाखाली टेबल मांडलंस, तर गिऱ्हाईक चहाऐवजी तुझं रक्त पिईल."

"आणि ताटली?"

"ती नाकासमोर चालणारी. जिकडे तोंड, तिकडेच बोलणार. बोटभर वाकडी झाली की भलत्याच्याच घरात शिरते."

"तुझ्या गोष्टींसारखी."

"गोष्ट म्हणालीस? मग ऐक."

"पंपघराचीच ना? पाठ आहे मला."

"असेल. पण दर वेळी थोडी वाढते."

आईने दोरा दातांनी तोडला आणि सुईत नवा ओवायला घेतला.

गोष्टीत मामा स्वतःला कधी 'मी' म्हणत नसे. फिटर म्हणे.

तर फिटर धरणाच्या कचेरीत पोचला, तेव्हा धुकं असं दाट, की स्वतःच्या मिशा जागेवर आहेत ना, हे त्याला चाचपून पाहावं लागलं. कचेरीच्या खांबावरचा अँटेना वाऱ्याने मोडून नेला होता. मामाच्या म्हणण्याप्रमाणे तो पुढे एका म्हशीच्या शिंगांत अडकलेला सापडला, आणि त्या म्हशीला हवामानाचा अंदाज आधीच कळू लागला.

"मागच्या वेळी बैल होता," भाची म्हणाली.

"बैलाला काय कळतंय हवामानातलं!"

पण पुढे हसण्यासारखं काही नव्हतं. धरणाचा दरवाजा उघडाच अडकला होता. पाणी सुटलं होतं. खाली नदीच्या वळणावर, पंपघरात, फिटरचा मेहुणा, त्याच्या बहिणीचा नवरा, एकटा होता. पंपांच्या घरघरीत त्याला भोंगा ऐकू जाणार नव्हता. मोबाइलचा टॉवर बंद. रस्त्याने धावत जावं, तर पाणी आधी पोचलं असतं. पंपघराच्या छपरावर एक छोटा अँटेना होता, त्याच्यावर मेहुण्याचा फोन चालायचा. पण त्या अँटेनाशी बोलायला इकडे कचेरीवर काहीच उरलं नव्हतं.

फिटरच्या गाडीत दोनच अँटेना होते. असेच दोन.

बहीण खाली शिडी धरून उभी होती. "दादा, लाव रे काहीतरी! लाव!"

"ताटली लावली तर नक्की पोचेल. पण रोखू कुठे? पंपघर दिसतंय का तुला?"

"माझेच हात दिसत नाहीत मला!"

"मग चौफेर. पंपघर कुठेही असो, त्याच्यावरून जाईलच. तेवढ्या लांब पोचला तर."

"पोचला तर म्हणजे काय, दादा?"

फिटरच्या तोंडात आता नट होते. बोटं बधिर झाली होती, दांडका वाऱ्याने हातातून निसटू पाहत होता. एक नट धुक्यात गेला, तिथे त्याने तार पिळून बांधली. दिवा हिरवा झाला. तो घसरतच खाली आला, खांबाला पाठ टेकली आणि फोनवर लिहिलं, 'पाणी सुटलंय. सगळं टाक, बाहेर पड.'

बहिणीला बघवेना. तिने शिडीच्या पायरीवर कपाळ टेकलं आणि डोळे मिटून घेतले.

"मग?" भाचीने विचारलं. गोष्ट पाठ असूनही स्क्रू फिरवणारा तिचा हात थांबला होता.

"मग काय! फिटरची पाठ खांबावरून हललीही नव्हती, तोच हातातला फोन थरथरला. मेहुण्याचं उत्तर! 'निघालो. पोरीला सांगा, मी येतोय.' फिटर ओरडला, अगं, निघाला तो, निघाला! आणि बहीण जी शिडीला मिठी मारून रडली, की शिडीलाही पाझर फुटावा."

"पोरीला सांगा," भाची स्वतःशीच म्हणाली आणि हसली.

मामा गोष्ट नेहमी इथेच थांबवत असे. आजही त्याने चष्मा नाकावर उतरवला आणि दांडका तिच्यासमोर सरकवला. "हाच घे. टेबलं तेवढी लांब मांड."

खिडकीशी सुई थांबली होती. आईने शर्टाची घडी केली, बाबांच्या खुर्चीवरची खोकी उचलून खाली ठेवली आणि घडी त्या खुर्चीवर ठेवली.

"दादा," ती म्हणाली, "खांबाच्या बुडाशी फोन मुका असतो, असं आत्ताच म्हणालास. मग ह्यांचा शेवटचा निरोप तुला आला कुठून?"