सरळ केलेला रकाना

इंजेक्शन भरून झालं होतं. दिवसाचं पहिलंच काम, आणि तेही हे. टेबलावर म्हातारा कुत्रा आडवा होता, मानेपर्यंत चादर, पायात सुई लावलेली, अंगात गुंगीचं औषध चढत चाललेलं. डॉक्टरांनी त्याच्या पांढऱ्या पडलेल्या भुवयांवरून अंगठा फिरवला.

"शाब्बास, सरदार. आता काही दुखणार नाही हं."

एवढ्या गुंगीतही चादरीखाली शेपटी हलली.

"याच्या माणसाला आत बोलव," डॉक्टर मदतनिसाला म्हणाल्या.

मदतनीस अंगाने काडी, म्हणून सगळे त्याला पहिलवान म्हणत. त्याने भिंतीवरच्या पडद्याकडे बोट केलं. "मॅडम, 'निरोप झाला' यापुढे खूण आहे की. काउंटरवरच उरकलं म्हणे सकाळी."

ही खूण, हा पडदा, सगळं कालपासूनचं. दवाखान्याचं विकी तसं जुनं होतं. विकी म्हणजे सगळ्यांनी मिळून लिहायची पानं. कोण चावतो, कुणाला कुठलं औषध चालत नाही, कुणाचा मालक कुत्र्यापेक्षा जास्त चावतो. डॉक्टरांची सून कॉम्प्युटरमधली. तिने त्या पानांत आता तक्ते घातले होते. ओळी, रकाने, बेरजा. चौघांनी चार फोनवरून एकाच वेळी भरा, रकान्याच्या डोक्यावरचा बाण दाबा, की सगळं क्रमाने लागतं. पिंजऱ्यांवर टांगलेल्या, नावं लिहिलेल्या खडूच्या पाट्या कालच माळ्यावर गेल्या होत्या, आणि आज आपलं कौतुक बघायला सूनबाई जातीने हजर होती.

"आई, वेळ वाचावा म्हणूनच तर तो रकाना केलाय," ती दारातून म्हणाली.

"वाचलेल्या वेळेचं काय लोणचं घालू? शेवटच्या इंजेक्शनला आपलं माणूस जवळ हवं. इथे पहिल्यापासून असंच चालत आलंय. जा रे तू."

पहिलवान गेला. कुणाला बोलवायचं हे त्याला तक्त्यात बघावं लागलं नाही. या कुत्र्याला सकाळी त्यानेच एका आजोबांकडून घेतलं होतं.

आजोबा आले. हातात पट्ट्याची गुंडाळी आणि चेहऱ्यावर हसू. डॉक्टर जरा चमकल्या. या कामासाठी हसत आलेलं माणूस त्यांनी आजवर पाहिलं नव्हतं. पण दुःखात कोण कसं वागेल सांगता येत नाही. त्यांनी खुर्ची पुढे केली.

"बसा, आजोबा. घाई नाही. बोला त्याच्याशी हवं तेवढं."

"आता काय बोलू? घरी दिवसभर बोलतच असतो." आजोबा खुशीत होते. "दात साफ करायला एवढा थाट असतो होय तुमच्याकडे?" मग कुत्र्याच्या कानाशी वाकून म्हणाले, "काय रे भोपळ्या, आता बोळकं चकचकीत होणार तुझं!"

 डॉक्टरांचा इंजेक्शन धरलेला हात होता तिथेच थांबला.

"भोपळ्या?"

"नाव त्याचं. पिल्लू होता तेव्हा असा गोल गरगरीत होता ना."

सुनेने पडद्याकडे पाहिलं. सरदार, पिंजरा चार, शेवटचं इंजेक्शन. त्याच्या खालीच भोपळ्या, पिंजरा पाच, दात. तिने पिंजऱ्यांचा रकाना वरून खाली वाचला. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. सकाळी कुत्री पिंजऱ्यांत गेली आणि तिने भरले, तेव्हा हे आकडे मागेपुढे होते. आता ते शहाण्या मुलांसारखे ओळीत उभे होते, आणि शेजारची नावं मात्र जागची हललेली नव्हती.

"आई." तिने पडद्याकडे बोट केलं. "हे आकडे कुणी लावले ओळीत?"

"मी," डॉक्टर म्हणाल्या. "मघाशी, चहा घेताना. वेडेवाकडे दिसत होते म्हणून बाण दाबला. मला वाटलं, आकड्याबरोबर सगळी ओळच सरकेल."

"नाही सरकत. तेवढा एकच रकाना सरकतो. ते करायचं राहिलं होतं माझं. पुढच्या आठवड्यात करणार होते."

पहिलवान पिंजऱ्यांकडे धावला. तिथूनच त्याची हाक आली. "पाचात दुसरा म्हातारा आहे, मॅडम! कण्हतोय नुसता!"

डॉक्टरांनी इंजेक्शन ट्रेमध्ये ठेवलं.  आजोबांसाठी ओढलेल्या खुर्चीवर त्या स्वतःच बसल्या.

"आजोबा, त्यात दातांचं औषध नाही. मी याला कायमचं झोपवणार होते. चुकून. तुम्ही आलात म्हणून... तुम्ही आला नसतात तर आत्तापर्यंत..."

आजोबांचं हसू मावळलं. त्यांनी चादरीखाली हात घातला आणि कुत्र्याच्या छातीवर ठेवला. श्वास हाताला लागला तरी त्यांनी हात काढला नाही.  त्यांनी चार शिव्या हासडल्या असत्या तर डॉक्टरांना बरं वाटलं असतं. सून पडद्याला पाठ करून उभी होती.

"मी त्याला सरदार म्हणून हाक मारली," डॉक्टर म्हणाल्या. हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं. "दुसऱ्याच्या नावाने. तरी त्याने शेपटी हलवली."

आजोबा त्याच्या पायात टोचलेल्या सुईकडे बघत होते.

"हलवणारच," ते म्हणाले. "गोड बोलला असाल ना तुम्ही."