यादीत पहिली तेजल

अंबडच्या कारखान्यात फिटर असलेला संघर्ष व्हिडिओ बघून बघून वेबसाइट बनवायला शिकला. एका ऑनलाइन गेममध्ये कोण किती वाजता खेळतं, किती वेळा जिंकतं, ते सगळं त्याच्या वेबसाइटवर दिसायचं. नाशिक रोडच्या मुलांमध्ये त्याची अकरा वर्षांची भाची तेजल पहिली आली.

“मामा, माझा फोटो पण टाक ना! वर्गातली पोरं जाम जळतील.”

“टाकला, महाराणी! शाळेच्या ड्रेसमधला.”

दुसऱ्या दिवशी वेबसाइटवर एका अनोळखी माणसाचा मेसेज आला. पहिल्यांदाच कुणीतरी दखल घेतली, म्हणून संघर्षने तो हौसेने उघडला.


“छान माहिती देता. तेजल रोज चारला खेळायला बसते आणि सहाला एकदम थांबते. आई सहाला घरी येते वाटतं?”